सिमेंटचे पत्रे उतरवताना

शिमगा उलगला की महाड तालुक्यात वरंध, माझेरी, पारमाचीपासून खाली बिरवाडीपर्यंत घराघरांत छपराचा हिशोब सुरू होतो. कौलं शाकारायची, किडका वासा बदलायचा, आणि पडवीवरचे नाहीतर गोठ्यावरचे ते जुने करडे सिमेंटचे पत्रे यंदा काढून रंगीत पत्रे घालायचे का, ते ठरवायचं. मुंबईचा चाकरमानी पालखीला आला की फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून माप देऊन जातो आणि मे महिन्यात चार माणसं लावून दोन दिवसांत जुनं छप्पर खाली येतं. बहुतेक ठिकाणी ते हातोड्याने फोडून खाली पाडलेलं असतं. त्या दोन दिवसांत काय करावं आणि काय मुळीच करू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो तो नुसत्या सिमेंटचा नसतो. नुसत्या सिमेंटचा सहा मिलिमीटर जाडीचा नागमोडी पत्रा उचलतानाच मोडला असता. त्याला बळ येतं ते आत मिसळलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे. वजनाच्या साधारण दहा टक्के तंतू, बाकी सिमेंट. ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेकने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रीत काढली आणि न गंजणारं, न जळणारं स्वस्त छप्पर म्हणून हे पत्रे जगभर पोचले. अ‍ॅस्बेस्टॉस हे दगडातून निघणारं खनिज. ते उभं चिरत जातं, आणि चिरता चिरता त्याचे तंतू डोळ्यांना दिसेनासे होतात. असे तंतू हवेत तासन्‌तास तरंगतात, श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथेच रुतून बसतात. त्यातून फुप्फुसं आवळत नेणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस होतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो. पांढरं, तपकिरी, निळं असे अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगकारक ठरवले आहेत.

या आजारांचा घात असा की ते लगेच दिसत नाहीत. वीस, तीस, चाळीस वर्षांनी उगवतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात निकाल देताना प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तिथपर्यंत जपून ठेवायला कारखान्यांना सांगितलं, ते याचमुळे. आज पंचविशीत तुमचे पत्रे फोडणारा पोरगा पंचावन्नाव्या वर्षी धापा टाकू लागला, तर त्याला वरंधचं ते छप्पर आठवणारही नाही.

पण या पत्र्याखाली आयुष्य काढलेल्यांनी घाबरून जाऊ नये. धड पत्र्यात तंतू सिमेंटने घट्ट धरून ठेवलेले असतात. नुसतं त्याखाली झोपण्या-जेवण्यातला धोका फारच थोडा. त्यावरून आलेलं पाणी कधीकाळी प्यायलं गेलं असेल तरी, पोटात गेलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे अपाय होतो याचा ठोस पुरावा नसल्याचं जागतिक आरोग्य संघटनेचं मत आहे. भीती धुळीची आहे. आणि धूळ उडते ती पत्रा फोडताना, कापताना, भोक पाडताना, घासताना आणि सुका झाडताना.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट घडते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस पत्र्याच्या पाठीवरचं सिमेंट हळूहळू धुऊन नेतो. वीस-पंचवीस पावसाळे खाल्लेल्या पत्र्याची मोडकी कड उन्हात तिरकी धरलेली पाहिलीत, तर दातेरी कडेला बारीक पांढुरकी लव सुटलेली दिसते. तेच ते अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू. लव दिसली की पत्रा म्हातारा झाला असं समजा. अशा पत्र्याला बोट लावून पाहण्याचीही गरज नाही.

पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही, हे नुसत्या नजरेने कळत नाही. परदेशात निदान सालावरून अंदाज बांधता येतो. अमेरिकेत घरांच्या छताला आतून खडबडीत, लाह्या चिकटवल्यासारखा मुलामा देण्याची मोठी चाल होती. त्यासाठी अ‍ॅस्बेस्टॉसची फवारणी करायला १९७८ साली बंदी आली, तरी आधीचा साठा पुढे काही वर्षं वापरात राहिला. ब्रिटनमध्ये आर्टेक्स नावाच्या नक्षीदार छतांची तीच कथा, आणि तिथली संपूर्ण बंदी १९९९ची. तुमची लेक किंवा भाचा तिकडे जुनं घर घेत असेल, तर ते छत खरवडण्याआधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यायला जरूर सांगा. आपल्याकडे सालाचा उपयोग नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींचे परवाने देणं, त्यांचं नूतनीकरण करणं सरकारने थांबवलं, पण बाहेरून माल येत राहिला आणि पत्रे बनतच राहिले. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी घातलेल्या पत्र्यातही अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. पत्र्यावर छाप शिल्लक असेल तर वाचा. आयएस ४५९ हे मानक अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या नागमोडी पत्र्यांचं आहे, तर आयएस १४८७१ हे अ‍ॅस्बेस्टॉस नसलेल्या फायबर सिमेंट पत्र्यांचं. छाप दिसत नसेल तर अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चाला. जुन्या क्वार्टर्समध्ये, शाळांमध्ये छपराखाली लाकडी पट्ट्यांवर ठोकलेली सपाट करडी शीट दिसते, तिलाही हाच नियम लावा. जिप्समचं किंवा पीओपीचं फॉल्स सिलिंग मात्र वेगळं. त्याची धूळ त्रासदायक असते, पण ती ही नव्हे.

मग पत्रे काढायचे की ठेवायचे? धड असतील, लव सुटली नसेल, गळत नसतील तर हात लावू नका. रंगीत पत्रे दिसायला बरे म्हणून चांगले सिमेंटचे पत्रे उतरवणं म्हणजे शांत बसलेल्या धोक्याला आपण होऊन उठवणं. कुठे केसाएवढी चीर असेल तर वर न चढता खालून जलरोधक पट्टी लावून पावसाळा निभावता येतो. पाठीवरचं शेवाळ काढायला प्रेशरची पिचकारी किंवा तारेचा ब्रश वापरू नका. त्याने सिमेंटचा थर सोलला जातो आणि उडालेला चिखल सुकला की सगळ्या अंगणात धूळ होते. पत्रे तडकले असतील, कडा पिंजल्या असतील, वाशांना वाळवी लागली असेल, तर मात्र उतरवा. आणि उतरवायचेच तर अख्खे उतरवा.

धुळीच्या आधी बोलायला हवं ते पडण्याबद्दल. अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार तीस वर्षांनी गाठतो. पत्रा पायाखाली फुटला तर माणूस त्याच क्षणी खाली जमिनीवर असतो. सिमेंटचा पत्रा लोखंडी पत्र्यासारखा वाकून इशारा देत नाही, करकरत नाही, एकदम तुटतो. बोल्टच्या रांगेखाली आडवं लाकूड असतं, त्या रेषेवर पाय टाकत गेलं की काही होत नाही, असं जुने कामगार सांगतात. त्यावर विसंबू नका. पाय चार बोटं सरकला तरी पुरे, आणि शेवाळाखाली तडा लपलेला असतो. पत्र्यावर उभं राहायचंच नाही, असा नियम ठेवा. पडवी बुटकी असते, तिचं काम खालून घोडी लावून नाहीतर बांबूची परांची बांधून सहज होतं. उंच माजघरावर जायचंच झालं तर दोन-तीन आडव्या लाकडांवर टेकतील अशा जाड फळ्या टाका, शिडी वर बांधून घ्या, कमरेला दोर घ्या आणि त्याचं दुसरं टोक भक्कम भालाला बांधा.

कामाचा दिवस वारा पाहून ठरवा. उन्हाळ्यात दुपार कलली की दरीतून घाटाकडे वारा चढतो, म्हणून पहाटे उजाडताच सुरू करून ऊन तापायच्या आत थांबणं उत्तम. दोन दिवसांचं काम चार सकाळी झालं तर बिघडत नाही. आदल्या दिवशी गुरं शेजारच्या गोठ्यात हलवा, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना नातेवाइकांकडे पाठवा. भाताची कणगी, गाद्या, भांडी बाहेर काढा, किंवा निघत नसतील तर त्यांवर प्लॅस्टिकचा कागद टाकून कडा दगडांनी दाबा. शेजाऱ्यांना सांगा. खिडक्या त्यांच्याही बंद असायला हव्यात, आणि वाळत घातलेली आमसुलं, पापड त्या दिवशी अंगणात नकोत.

या सगळ्यात महत्त्वाचं साधन म्हणजे पाणी, आणि एप्रिल-मेमध्ये नेमकं तेच आपल्याकडे नसतं. कित्येक वाड्यांवर टँकर लागतो. पण या कामाला पाणी थोडंच पुरतं, फक्त ते धारेने न मारता तुषारांनी द्यायचं. आंब्यावर फवारणी करायचा पाठीवरचा पंप घ्या, आधीचं औषध राहणार नाही असा धुऊन घ्या आणि पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका. साबणामुळे पाणी पत्र्यात मुरतं, नाहीतर ओघळून जातं. पत्रा सोडवण्याआधी दोन्ही अंगांनी भिजवा, सोडवताना बोल्टच्या भोकाभोवती पुन्हा भिजवा आणि खाली आल्यावर तुटक्या कडा भिजवा. ओला पत्रा निसरडा होतो, म्हणून भिजवणाऱ्यानेही फळीवर किंवा शिडीवरच उभं राहायचं.

तोंडाला रुमाल बांधून चालणार नाही. टापसा, गमछा, दवाखान्यातला निळा मास्क, यांतलं काहीही हे तंतू अडवत नाही. करोनाच्या दिवसांतला उरलेला एन-९५ही या कामाला शिफारस केलेला नाही. एफएफपी-३ असं लिहिलेला मास्क घ्या, किंवा पी-१०० गाळणी बसवलेला रबरी अर्धमुखवटा. महाडची औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांची आहे, त्यामुळे सुरक्षेचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारलंत तर मिळेल किंवा मागवून देतील. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला टेकत नाही आणि फटीतून हवा आत शिरते, म्हणून त्या दिवसापुरती दाढी उतरवावी. आणि हा मास्क तुमच्याइतकाच मोलमजुरीवर आलेल्या माणसालाही हवा. रोजावर आलेला माणूस मास्क मागणार नाही, गरम होतं म्हणून काढून खिशातही ठेवेल. पैसे मोजून काम करून घेणाऱ्याने मास्क विकत आणून हातात द्यायचा, लावलेला आहे की नाही ते पाहायचं, आणि दर तासाला सावलीत बसून पाणी प्यायची सवड द्यायची. बसताना आधी हात-तोंड धुवायचं. त्या हातांनी बिडी ओढायची नाही. धूम्रपान आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, कैक पटींनी वाढतो.

आता प्रत्यक्ष उतरवणं. पत्रे वळचणीकडून आढ्याकडे बसवत गेलेले असतात, म्हणजे वरचा पत्रा खालच्यावर चढलेला असतो. काढताना उलटं जायचं. आधी आढ्यावरचे कोने, मग वरची रांग, शेवटी वळचणीची. जे-बोल्टचे नट गंजून एकजीव झालेले असतात. आदल्या संध्याकाळी त्यांवर तेल सोडून ठेवा. सकाळी पान्याने फिरले तर उत्तम, नाही फिरले तर खालून हूकचा पाय बोल्ट कटरने तोडा. ग्राइंडर वापरू नका. त्याचं पातं एकदा पत्र्याला लागलं की दिवसभराची सगळी काळजी वाया जाते. लाकडावर स्क्रूने बसवलेले असतील तर डोकं भिजवून हळू फिरवा. पहारीने उचकटू नका, पत्रा भोकापाशी फुटतो. तीन मीटरचा पत्रा चाळीस किलोच्या घरात जातो, भिजल्यावर थोडा जास्तच. म्हणून वर दोघं, खाली दोघं, आणि दोराने तिरका सोडत आणायचा. वरून टाकायचा नाही, एकावर एक आपटायचा नाही, आणि खाली आल्यावर गाडीत मावावा म्हणून तोडायचाही नाही.

छपराखाली प्लायवूडचं, पीव्हीसीचं किंवा ताडपत्रीचं सिलिंग मारलेलं असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. पत्र्याच्या पोटातून झडलेला बारीक भुगा, उंदरांनी आणलेली घाण, कोळिष्टकं असं सगळं वर्षानुवर्षं त्या सिलिंगच्या पाठीवर साठलेलं असतं. घाईने खिळे उपटून सिलिंग खाली सोडलं की तो ढग थेट माजघरात उतरतो. तेव्हा आधी पत्रे काढा, वरून सिलिंगच्या पाठीवर पाणी फवारा, ओला गाळ ओल्या फडक्याने पुसून पिशवीत भरा आणि मग सिलिंगचा एकेक तुकडा सोडवा. ताडपत्री असेल तर चारही कोपरे आत दुमडत गुंडाळी करूनच खाली घ्या.

घरातला व्हॅक्युम क्लीनर यासाठी वापरू नका, त्याच्या पिशवीतून हे तंतू गाळून न निघता मागच्या बाजूने परत खोलीत येतात. केरसुणी, खराटा त्या दिवशी बाजूला ठेवा. वासे, रिपा, भिंतींचे माथे ओल्या फडक्यांनी पुसा आणि फडकी धुऊन परत न वापरता त्याच कचऱ्यात टाका. अंगणात पडलेले तुकडे हातमोजे घालून वेचा. सारवलेल्या अंगणाचा वरचा पापुद्रा पाणी शिंपडून खरवडून घ्या आणि मग नवं सारवण करा. वळचणीखालची, जिथे पागोळ्या पडतात ती माती, आणि पन्हळीत साठलेला काळा गाळ यांकडे कोणाचं लक्ष जात नाही. पत्र्यावरून इतकी वर्षं जे धुऊन आलं ते तिथेच बसलेलं असतं. तो गाळ चांगलं खत म्हणून झाडाला घालायची पद्धत आहे, ती या छपराच्या बाबतीत सोडा. ओला असतानाच उचला आणि पिशवीत बांधा.

कपड्यांचं तर विशेष सांगायचं आहे. १९६५ साली लंडनमधल्या न्यूहाउस आणि थॉम्पसन या संशोधकांनी मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधी पाऊलही न टाकलेली माणसं सापडली. त्यांच्या घरातलं कोणी तिथे कामाला होतं. नवऱ्याचे धुळीने भरलेले कपडे झटकून धुणाऱ्या बायकांच्या वाट्याला तो आजार आला होता. म्हणून या कामाला टाकाऊ, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. घरात शिरण्याआधी बाहेरच अंगावर पाणी घ्या, ओले कपडे काढून पिशवीत घाला आणि ते परत वापरू नका. कामगारांच्या कपड्यांचंही तेच करा. त्यांना एकेक जुना जोड तुम्हीच द्या, म्हणजे धूळ त्यांच्या वाडीपर्यंत जाणार नाही.

राहिला प्रश्न उतरवलेल्या पत्र्यांचा, आणि खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे हे पत्रे गावातून जातच नाहीत. घरावरून निघालेला पत्रा गोठ्यावर जातो, गोठ्यावरचा न्हाणीच्या आडोशाला, तिथून परसाच्या कुंपणाला, आणि शेवटी तुकडे वाटेतल्या खड्ड्यात. तिथे गाडीची चाकं त्यांचा भुगा करत राहतात. प्रत्येक बदलीत पत्रा थोडा आणखी फुटतो. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडात असंख्य छपरं उडवली, आणि तेव्हाचे तुकडे आजही कित्येक परसांत पडलेले दिसतात. चुलीजवळ तर हा पत्रा चुकूनही लावू नका. आच लागली की तो तडतडत फुटतो आणि त्याच्या चिपा उडतात.

तर मग ठेवायचे कुठे? अख्खे पत्रे भिजवून दुहेरी जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. शेततळ्याला वापरतात तसला कागद यासाठी चांगला. सांधे चिकटपट्टीने बंद करा आणि ‘अ‍ॅस्बेस्टॉस, फोडू नये’ असं ठळक मराठीत लिहून ठेवा. तुकडे आणि फडकी जाड पिशव्यांत, तेही दुहेरी. हा भारा पूररेषेच्या वर, सावलीत, गुराढोरांच्या पायात येणार नाही असा रचा. ओढ्यात टाकू नका. इथले ओढे शेवटी सावित्रीलाच मिळतात, आणि जुलै २०२१च्या पुरात महाडात काय वाहत आलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. डोंगरउतारावर खड्डा घेऊन पुरूही नका.

नवी मुंबईजवळ तळोज्याला घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचं सामायिक केंद्र आहे, पण ते मुख्यतः कारखान्यांसाठी. एकट्या घरमालकाच्या वीस पत्र्यांसाठी तिथून वरंधला गाडी येणार नाही. म्हणून हे काम गावाने एकत्र करायला हवं. शिमग्यानंतरच्या ग्रामसभेत विषय घ्या, यंदा कोणाकोणाचे पत्रे निघणार आणि आधीचे किती पडून आहेत त्याची यादी करा, आणि ग्रामपंचायतीच्या ठरावासह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या महाडच्या कार्यालयाला आणि तहसीलदारांना पत्र द्या. पत्रात पत्र्यांची संख्या आणि अंदाजे वजन लिहा, ते बांधून ठेवल्याचा फोटो जोडा आणि विल्हेवाटीची व्यवस्था मागा. पत्राची पोच घ्या. शाळेच्या, अंगणवाडीच्या, देवळाच्या सभामंडपाच्या छपरावर हे पत्रे असतील तर तेही त्याच यादीत घाला. मुलं शाळेत असताना तिथे कोणी ड्रिल चालवू नये, एवढं तर सभेत तिथल्या तिथे ठरवता येतं.

नव्या छपरासाठी माप घ्यायला माणूस येईल तेव्हा त्याच्याकडून दोन गोष्टी आधीच कबूल करून घ्या. जुने पत्रे सोडवून, भिजवून, अख्खे उतरवायचे, त्याचे वेगळे पैसे लागले तरी चालतील. आणि नवे पत्रे बसवताना वळचणीच्या आणि दोन्ही टोकांच्या रांगेत स्क्रू जवळजवळ मारायचे, कारण वारा छपराच्या कडेतूनच आत घुसतो. हे कोटेशनवर लिहून घ्या. कामगार शिडी चढायच्या आधी तो कागद मुकादमाला वाचून दाखवा.